शंभर का नाही आले?

४ मार्च, सोमवार

आज भट्टी उघडली. तीनशे रिंगा भाजायला ठेवल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या नव्व्याण्णव मिलिमीटर व्यासाच्या निघाल्या. हव्या होत्या शंभरच्या. पहिली मोजली तेव्हा वाटलं कॅलिपर बिघडलाय. दहावी मोजली तेव्हा वाटलं मीच बिघडलेय. पन्नासाव्या रिंगेनंतर काही वाटेनासं झालं.

चिनीमातीच्या या रिंगा रसायनांच्या पंपात बसतात आणि आतलं गरम आम्ल बाहेर येऊ देत नाहीत. रिंग मोठी झाली तर घासून कमी करता येते, लहान झाली तर फेकून द्यायची. आमच्या केंद्राची ही पहिली मोठी ऑर्डर. वर्षापूर्वी इन्सुलेटरच्या जुन्या कारखान्याशेजारी संशोधनाची नवी इमारत उभी राहिली आणि दोन्हींना मिळून 'केंद्र' म्हणायचं ठरलं. म्हणत कुणीच नाही. कारखान्यातली माणसं आम्हाला 'काचघर' म्हणतात, आम्ही त्यांना 'धुराडं'.

बाबा शेजारी उभे होते. बाबा म्हणजे माझे सासरे आणि या भट्टीचे चौतीस वर्षांचे मास्तर. घरी मी त्यांची सून, पण कारखान्यात ते मला 'मॅडम' म्हणतात, तेही चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता. त्यांनी एक रिंग बोटावर लटकवली आणि टिचकी मारली. खणखणीत वाजली.

"आग बरोबर होती, मॅडम," एवढंच म्हणाले आणि झाडू घेऊन भट्टी साफ करायला लागले.

५ मार्च, मंगळवार

चूक माझी आहे. इथे लिहून टाकते, म्हणजे उद्या तोंडाने म्हणायला सोपं जाईल.

माती भाजली की आकसते. आमची दहा टक्के आकसते, हे मीच छोट्या तुकड्यांवर तीन महिने तपासून काढलं. म्हणून कच्ची रिंग मोठी घ्यायची. मी शंभरात दहा टक्के मिळवले, एकशे दहा केले आणि एकशे दहाचा पोलादी साचा बनवून घेतला. पण आकसते ती कच्ची रिंग. एकशे दहाचे दहा टक्के म्हणजे अकरा. उरले नव्व्याण्णव. शंभर हवे होते तर एकशे अकरा पूर्णांक एकचा साचा घ्यायला हवा होता. शाळेतलं गणित आहे हे. मी या विषयात डॉक्टरेट केली आहे, आणि माझ्या दारावर तशी पाटी आहे.

वजनकाट्याच्या खोलीत बसून लिहितेय. इथे वारा नको म्हणून दार कायम बंद असतं, त्यामुळे कुणी डोकावत नाही. उद्या सकाळी बैठकीत सांगणार. ठरलं.

६ मार्च, बुधवार

सांगितलं नाही.

संचालक बैठकीला आले. त्यांना आम्ही आपसात 'फीतकापे' म्हणतो, कारण हातात कात्री आली की त्यांचा चेहरा खुलतो. त्यांनी रिंग टेबलावर फिरवली आणि विचारलं, "लहान का झाली?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात खरेदीवाले म्हणाले, "भट्टी जास्त तापली की माती जास्त आकसते, नाही का हो मॅडम?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "शक्य आहे."

दोन शब्द. शास्त्राच्या दृष्टीने त्यात खोटं काही नाही. भट्टी जास्त तापली तर माती जास्त आकसू शकते. पण ती तापली नव्हती हे मला माहीत होतं. जुन्या भट्टीचा तापमापक दोन वर्षांपासून मनाला येईल तो आकडा दाखवतो. बाबा झरोक्यातून आगीचा रंग बघून भट्टी बंद करतात, म्हणून कागदावर पुरावा काहीच नाही. आणि गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. हे मी बोलले नाही. दुसरं कुणीतरी बोललं. मी मूग गिळून बसले.

बाबा दाराशी उभे होते. त्यांना खुर्ची दिली नव्हती. "मास्तर, डोळे एकदा दाखवून घ्या," फीतकापे अगदी गोड आवाजात म्हणाले. बाबांनी मान हलवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते. हेही खरं नसेल.

८ मार्च, शुक्रवार

आज एक असं काम केलं की ज्यासाठी मी एखाद्या शिकाऊला घरी पाठवलं असतं.

प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगते. वहीत चूक झाली तर खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडायचं नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. "चूक लपवली की वही मेली," असं मी हात हलवून सांगते. पोरं माझी नक्कल करतात, मला माहीत आहे.

साच्याच्या गणिताचं पान मी आज फाडलं. घडी घालून पर्समध्ये ठेवलं. वहीची पानं छापील क्रमांकाची, त्यामुळे सत्तेचाळीसनंतर आता एकोणपन्नास येतं.

दुपारी साच्यांच्या कपाटाशी बाबा दिसले. हातात कॅलिपर होता.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"काही नाही, मॅडम. डोळा तपासतोय," ते म्हणाले, आणि कॅलिपर पुसून जागेवर ठेवला.

फार वाईट वाटलं. त्यांना आता स्वतःचा डोळा खरंच अधू वाटायला लागलाय.

१० मार्च, रविवार

चिमणीची, म्हणजे माझ्या मुलीची, परीक्षा जवळ आली. पाचवीत आहे, आणि गणित म्हटलं की हिला लगेच तहान लागते. आज आजोबांनी तिला पकडून बसवलं. मी स्वयंपाकघरात, ती दोघं बाहेर जमिनीवर, मध्ये वही.

"शंभराचे दहा टक्के किती?"

"दहा."

"ते शंभरात मिळव."

"एकशे दहा. सोप्पं आहे."

"आता एकशे दहाचे दहा टक्के काढून टाक."

बराच वेळ पेन्सिल चालली. "नव्व्याण्णव!"

"शंभर का नाही आले?"

"आजोबा, तुमचं गणित चुकलंय."

"माझं नाही चुकलं. बघ परत." आणि मग जरा मोठ्याने, "आईला विचार. आई शिकलेली आहे."

माझ्या हातातून झारा पडला. चिमणी धावत आली. मी म्हटलं मला वेळ नाही, बाबांना विचार. बाबा म्हणजे तिचे. तो पेपरात डोकं घालून बसला होता. त्याने "शंभरच येणार" असं ठोकून दिलं आणि आजोबा हसले.

बाबांना यातलं काही कळत नाही. सातवीपर्यंत शिकलेत, टक्केवारीचं एक जुनं कोडं आठवलं असेल. योगायोगच. पण माझी काय अवस्था झाली, ते माझं मला माहीत.

१४ मार्च, गुरुवार

बाबांना भट्टीवरून काढलं. 'डोळ्यांचा अहवाल येईपर्यंत' पॅकिंगला पाठवलंय. तिथे खोके मोजायचे आणि वर बाण काढायचा, ही बाजू वर.

पंचवीस तारखेला नवी भट्टी सुरू होणार आहे. ती मास्तरांनी पेटवायची असं वर्षापूर्वी ठरलं होतं. मेअखेर ते निवृत्त होतील. चौतीस वर्षांत त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, हे एवढंच मागितलं होतं. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्या दिवसासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून कपाटात लटकवलाय. आज त्यांनी तो काढला, परत घडी घातली आणि खालच्या कप्प्यात ठेवला.

जेवताना आई म्हणाल्या, "चौतीस वर्षं त्या आगीकडे बघून डोळे घालवले, आणि आता म्हणतात डोळे नाहीत. तू आहेस ना तिथे मोठी साहेब? तू काही बोलली नाहीस?"

मी म्हणाले, "आई, तिथे माझं कोण ऐकतंय."

"अगं पण बोलली होतीस का?"

बाबांनी ताट पुढे सरकवलं. "तिला जेवू दे," म्हणाले. "ती बोलेल तेव्हा बोलेल."

माझी बाजू तेच घेत होते, आणि मी ती घेऊ देत होते.

इकडे फीतकाप्यांनी हुकूम काढलाय की दुसऱ्या खेपेला मास्तरांच्या वेळेच्या दोन तास आधी भट्टी बंद करा, म्हणजे आकसणं कमी होईल. माझ्या साच्यातूनच. मी विरोध केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

१९ मार्च, मंगळवार

रिंगा शंभरच्या निघाल्या. बरोबर शंभर.

टाळ्या वाजल्या. फीतकाप्यांनी रिंगेला डोळा लावून फोटो काढून घेतला. खरेदीवाले म्हणाले, "म्हणजे मास्तरांचंच चुकलं होतं, सिद्ध झालं." सिद्ध. माझ्या चुकीला आता पुरावा मिळाला की ती माझी नव्हती.

पण माती पूर्ण भाजली नाही तर आत बारीक छिद्रं राहतात. संध्याकाळी एकटीने एक रिंग लाल शाईत बुडवली, पुसली आणि हातोडीने फोडली. भाजलेली असती तर आत पांढरीशुभ्र निघाली असती. ही आत पार मध्यापर्यंत गुलाबी होती. तुकडे रुमालात बांधून पर्समध्ये ठेवले, फाडलेल्या पानाशेजारी. पर्स जड झालीय.

शुक्रवारी माल पक्का असल्याच्या प्रमाणपत्रावर माझी सही लागणार आहे.

२१ मार्च, गुरुवार

बाबा खोक्यातली एक रिंग घरी घेऊन आले. चहाच्या वेळी बोटावर लटकवली आणि टिचकी मारली. बद्द वाजली. मग चिमणीला म्हणाले, "जीभ लाव."

"शी! का?"

"लाव तर."

तिने लावली आणि किंचाळली. रिंग जिभेला चिकटली होती. पाणी ओढून घेते ना, म्हणून. चिमणीला एवढी मजा वाटली की तिने आजीला, बाबाला, सगळ्यांना जीभ लावायला लावली. आई म्हणाल्या, "घरात खायला नाही का काही?"

मग चिमणी मला म्हणाली, "आई, तू?"

मी म्हटलं, "नको."

"आजोबा, हिला बरं नाही का?" तिने रिंगेबद्दल विचारलं.

"कच्ची आहे अजून," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. घरात असून त्यांच्या तोंडून ते निघालं. "मॅडम, या कुठे बसणार?"

"रंगाच्या कारखान्यात. गरम आम्लाच्या पंपात."

"पंपाशेजारी माणूस असतो?"

"असतो. चोवीस तास."

"हं." त्यांनी रिंग माझ्या बशीशेजारी ठेवली आणि चपला घालून फिरायला गेले. रिंग तिथेच राहिली. रात्रीचं वाढताना मी ती तीन वेळा इकडची तिकडे केली.

मला वाटतं, बाबा माझ्याकडून उलगडा मागत होते. त्यांना काहीतरी खटकतंय, पण काय ते सापडत नाहीये. आणि ज्या माणसाकडे ते विश्वासाने आले, तो माणूस मी आहे.

२२ मार्च, शुक्रवार

संचालकांकडे गेले. दार लावून घेतलं. गुलाबी तुकडे टेबलावर ठेवले आणि सांगितलं की या रिंगा कच्च्या आहेत, भट्टी पहिल्या वेळी बरोबर होती, साच्याचं गणित माझ्याकडून चुकलं.

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"छान. हे बघा, माल आपण दोन-तीन महिने थांबवू, काहीतरी कारण देऊ. साचा गुपचूप नवा करून घ्या. पण चूक काचघराची, म्हणजे संशोधनाची, असं बाहेर गेलं तर केंद्राची अब्रू काय राहील? मास्तर मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांचं असं काय बिघडणार आहे?" काचघर हा शब्द त्यांनाही माहीत आहे तर.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. आधी सुटल्यासारखं वाटलं. माल जाणार नाही, कुणी भाजणार नाही, आणि माझ्या दारावरची पाटी राहील. मी "बघते" म्हणाले. खाली पॅकिंगच्या दारावरून गेले तेव्हा बाबा एका खोक्यावर बाण काढत होते. पट्टी लावून, सावकाश, अगदी सरळ. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "या मॅडम."

मी गेले नाही. घाई आहे असं दाखवून पुढे गेले. सुटल्यासारखं वाटणं जिना उतरेपर्यंतही टिकलं नव्हतं. स्वतःची एवढी शिसारी मला आजवर कधी आली नव्हती.

२५ मार्च, सोमवार

सांगितलं.

नव्या भट्टीपुढे सगळे जमले होते. काचघर आणि धुराडं दोन बाजूंना, जसे नेहमी उभे राहतात तसे. फीत होती, कात्री होती. बाबा शेवटच्या रांगेत, रोजच्या खाकी शर्टात.

भाषण चालू असताना मी जुन्या भट्टीची वही घेऊन आले. तिच्यात चार मार्चपुढे लाल शाईत लिहिलेलं होतं, 'जास्त ताप. मास्तरांची चूक.' मी मध्येच बोलायला लागले. मोठ्याने बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज असा चिरका निघाला की पहिल्या ओळीतल्या दोघींना वाटलं मला चक्कर येतेय. मी म्हणाले, आग बरोबर होती. साचा मी एकशे दहाचा घेतला, तो चुकीचा होता. मला पाच तारखेपासून माहीत होतं. मी गप्प बसले. दुसऱ्या खेपेचा सगळा माल कच्चा आहे, तो फोडून टाकायचा.

मग लाल ओळीवर एकच रेघ मारली. खाली लिहिलं, 'चूक माझी.' सही केली, तारीख घातली.

मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं साधं गणित?" कुणी हसलं. बरोबरच आहे. वजनकाट्यावरची माझी शिकाऊ मुलगी मात्र हसली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मी म्हणाले, "भट्टी मास्तरांनी पेटवायची, असं ठरलं होतं." सगळे मागे वळले. पण तोवर फीतकाप्यांनी घाईघाईने बटण दाबून टाकलं होतं. आत आग धरल्याचा धप्प आवाज आला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. नव्या भट्टीची पहिली आग एकदाच लागते, आणि ती बाबांनी लावली नाही. हे मी कुठल्याच रेघेने दुरुस्त करू शकत नाही. आठवडाभर आधी बोलले असते तर पांढरा शर्ट कपाटातून निघाला असता.

माझी चौकशी होणार आहे. होऊ दे. दारावरची पाटी मी स्वतःच काढून ड्रॉवरमध्ये ठेवली.

२६ मार्च, मंगळवार

काल रात्रीचं जेवण. आईंनी वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. नवऱ्याने एकदाच विचारलं, "वीस दिवस?" मी हो म्हणाले. तो उठून गॅलरीत गेला.

आज सकाळी बाबा दाढी करत होते. त्यांना पुन्हा भट्टीवर बोलावलंय. जुन्याच. आरशात बघतच म्हणाले, "एकशे अकराचा साचा करायला किती दिवस लागतील?"

"एकशे अकरा पूर्णांक एक," मी सवयीने म्हणाले. "अडीच महिने."

"म्हणजे मी निवृत्त झाल्यावर." त्यांनी वस्तरा पुसला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. एकशे दहा चुकीचे हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. बरोबर आकडा कोणता, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो फक्त त्या फाडलेल्या पानामागे माझ्या हाताने लिहिलेला आहे, आणि या डायरीत.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"साचा मोजला त्या दिवशी."

"आठ तारखेला? मग बोलला का नाहीत? तुम्हाला भट्टीवरून काढलं. खोके मोजायला लावले!"

त्यांनी टॉवेलने कान पुसले. आधी डावा, मग उजवा. "तुझी वही होती," म्हणाले. "तुझ्या वहीत मी कशाला खाडाखोड करू?"

मला रडू फुटलं. ते तिथेच उभे राहिले, जवळ आले नाहीत, पण गेलेही नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "माल निघाला असता तर मात्र बोललो असतो. येत्या शनिवारपर्यंतच थांबणार होतो. खोके माझ्याकडेच होते ना. त्यांवर बाण काढले होते, खोके बंद करायच्या पट्ट्या लावल्या नव्हत्या."

ते गेल्यावर मागची पानं वाचली. साच्याचं कपाट. चिमणीचं गणित. बशीशेजारची रिंग. "या मॅडम." वीस दिवसांत ते पुन्हा पुन्हा माझ्यापुढे येऊन उभे राहिले होते, आणि प्रत्येक वेळी मी त्यांची कीव केली होती.

फाडलेलं पान आज प्रयोगवहीत परत चिकटवलं, अठ्ठेचाळीसच्या जागी. घडी दिसते. दिसू दे.

आणि या वहीतही एक दुरुस्ती केली. दहा मार्चच्या पानावर मी लिहिलंय, 'बाबांना यातलं काही कळत नाही.' त्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी सही केली आणि आजची तारीख घातली.